दुपारची धुरी

लग्न होऊन कसबा बावड्याच्या या घरात आले, त्या पहिल्याच आठवड्यात मला भर दुपारी मधल्या खोलीतून ओव्याचा वास आला. निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्यावर जो येतो, तो. घरात शेगडी पेटलेली नव्हती आणि आमच्या गल्लीत कुणी बाळंतीण नव्हती. मी सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी हातातली भाजीची पाटी खाली ठेवली आणि नव्या सुनेनं जिथं तिथं नाक खुपसू नये असं सुनावलं. मी काही नाक खुपसायला गेले नव्हते, वासच आपणहून आला होता. पण हे बोलायची हिंमत तेव्हा झाली नाही, आणि पुढं झाली तेव्हा ऐकायला सासूबाई राहिल्या नव्हत्या.

मी धोंडुबाई. माहेर गडहिंग्लजकडचं, नोकरी प्राथमिक शाळेत शिक्षिकेची. शिकता शिकता वय उलटून गेलं, म्हणून मला बिजवराला दिली. अण्णासोंची पहिली बायको चिमणाबाई बाळंतपणात याच घरात गेली होती. "पोटातलं पोटातच ऱ्हायलं," असं सासूबाई म्हणायच्या आणि विषय संपवायच्या. घरात तिला सगळे थोरली म्हणत. देव्हाऱ्यात तिचा चांदीचा टाक होता, बोटभर पत्र्यावर उमटवलेली एक बाई, नाक नाही डोळे नाहीत, नुसता पदर. नवीन साडी आली की आधी त्या टाकाला दाखवायची आणि मग आपण नेसायची, अशी रीत होती. मी तीसेक वर्षं नोकरी केली, माझ्या पगाराच्या साड्या घेतल्या, आणि त्यातली एकही साडी मी पहिल्यांदा नेसले नाही.

मला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवससायास झाले. थोरली राहू देत नाही, असं गल्लीतल्या बायका म्हणत, आणि तेही माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत. मी वर्गात पोरांना भूत नसतं म्हणून शिकवायचे आणि दुपारी सुट्टीला घरी आले की मधल्या खोलीच्या दारात थबकायचे. तो वास रोज येत नसे. आठ-आठ दिवस काही नसायचं, मला वाटायचं गेली बाई एकदाची, आणि मग भांडी घासता घासता एकदम यायचा. उबदार, धुरकट, जरा कडवट. तिचं बाळंतपण संपत नव्हतं आणि माझं सुरू होत नव्हतं. मला तिचा राग यायचा, आणि भीतीही वाटायची. दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल.

अण्णासो या बाबतीत दगड होते. त्यांना वास येत नसे. निदान तसं ते म्हणत. पण मधल्या खोलीत ते कधी झोपले नाहीत. उन्हाळ्यात सगळ्यात गार खोली ती, तरी हे बाहेरच्या सोप्यात घाम पुसत पडायचे.

गेल्या वर्षी ते गेले आणि मी घर विकायचं ठरवलं. रुईकर कॉलनीत नवी इमारत झाली होती. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट मी बघून आले. भिंतींना अजून चुन्याचा आणि रंगाचा वास होता, दुसरा कसलाही नाही. तिथं कुणी जन्मलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं. दारावर माझ्या नावाची पाटी लागणार होती आणि त्या दारातून आत जाणारी पहिली बाई मी असणार होते. साठी ओलांडल्यावर माणसाला काय हवं असतं म्हणून लोक विचारतात. मला एवढंच हवं होतं.

बावड्याच्या घराला गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. अतुल कांबळे आणि त्याची बायको प्रीती, दोघं नोकरदार, वागायला सरळ. त्यांना बँकेचं कर्ज काढायचं होतं, आणि बँक म्हणाली, आधी घराचा मालक कोण ते वकिलाकडून लिहून आणा. मी म्हटलं, त्यात काय, घरफाळ्याची पावती अण्णासोंच्या नावानं आहे. पावत्यांची पिशवी घेऊन मी न्यायसंकुलाजवळच्या संयोगिताच्या ऑफिसात गेले. संयोगिता माझी चौथीतली विद्यार्थिनी. आता ती काळा कोट घालते आणि माझ्याकडून फी घेत नाही, म्हणून मला तिच्याकडं जायला जरा संकोच वाटतो.

तिनं पावत्या बाजूला सारल्या. घरफाळा जो राहतो त्याच्या नावानं निघतो, त्यानं मालकी ठरत नाही, असं ती म्हणाली. मग तिनं मिळकत पत्रिकेचा उतारा काढून आणला. त्यावर अजून चिमणाबाईचंच नाव होतं. या घराची हकीकत मला अर्धवटच माहीत होती, बाकीची संयोगितानं जुळवून सांगितली. घर थोरलीच्या वडिलांनी बांधलेलं. ते गेल्यावर कुरुंदवाडची शेती भावाला आणि हे घर बहिणीला, अशी वाटणी झाली. अण्णासो इथं राहायला आले ते तिचे नवरे म्हणून, आणि मागून सासूबाई आल्या. ती मेल्यावर कुणी काही बदललं नाही. बायकोचं ते नवऱ्याचं, एवढा कायदा सगळ्यांना तोंडपाठ होता.

"तेवढाच चुकीचा आहे, बाई," संयोगिता म्हणाली. हिंदू बाईला आईवडिलांकडून वारसानं आलेली मिळकत असेल, तिनं मृत्युपत्र केलं नसेल आणि तिच्यामागं मूलबाळ नसेल, तर ती मिळकत नवऱ्याकडं जात नाही. ती परत तिच्या वडिलांच्या वारसांकडं जाते. म्हणजे थोरली गेली त्या दिवसापासून हे घर तिच्या माहेरचं, आणि आज तिच्या भावाचं होतं. मी एवढी वर्षं राहिले त्याचं काय, असं मी विचारलं. नुसतं राहिल्यानं घर आपलं होत नाही, असं ती म्हणाली, आणि असं म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मला हसू आलं. टाकाला साड्या दाखवत मी जन्म काढला, आणि कायदाही तेच म्हणत होता, की ही बाई अजून घरात आहे आणि घर तिचं आहे.

संयोगितानं मला पाणी दिलं. मग ती कागदावर पेन ठेवून म्हणाली, "एक विचारते, रागावू नका. त्या बाळंतपणात गेल्या म्हणता. मूल जन्मलं होतं का? आणि आधी कोण गेलं, मूल की आई?"

"मेलेल्यांची रांग लावतीस व्हय?" मी म्हणाले.

"कायदा लावतो," ती म्हणाली. मूल आईच्या आधी गेलं असेल किंवा मेलेलं जन्मलं असेल, तर घर भावाचं. पण मूल जिवंत जन्मलं आणि आईच्या मागं थोडा वेळ जरी राहिलं, तरी ते आईचं वारस. मग घर त्या मुलाचं आणि अण्णासोंचं झालं, मुलगा असेल तर त्याच्यामागं त्याचा वाटा बापाला गेला, आणि अण्णासोंच्या मागं सगळं मला. मूल किती जगलं याला महत्त्व नाही, कुणाच्या मागं जगलं याला आहे. जन्माची नोंद तिला कुठं सापडली नव्हती. तेव्हा घरात जन्मून घरात गेलेल्या पोराची नोंद करायला कोण जातंय.

मी म्हटलं, पोटातलं पोटातच राहिलं. हे कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं. सासूबाईंनी. त्या वेळी घरात आणखी कोण होतं? मला एकच माणूस माहीत होता, थोरलीचा भाऊ गणपतराव. म्हणजे ज्याला घर मिळणार, त्यालाच जाऊन विचारायचं की तुला घर मिळतंय का.

त्या दुपारी घरी आले आणि कुलूप काढताच वास आला. इतका दाट मला आधी कधी आला नव्हता. मी चप्पलसुद्धा न काढता मधल्या खोलीच्या दारात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी मोठ्यानं बोलले. "सगळं तुझंच ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "नवरा तुझा, घर तुझं. एवढं तरी सांग, काय झालतं हितं?" खोलीत पलंग होता, धान्याची कोठी होती, खिडकीतून ऊन येत होतं. वास मात्र हळूहळू दाराकडं सरकत आला, माझ्या गुडघ्यांपर्यंत, त्याच्या वर नाही, आणि तिथंच थांबला. मी शेजारी जाऊन बसले आणि दिवस कलल्यावर परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कुरुंदवाडला गेले.

गणपतराव ऐंशीच्या घरातले, पण ताठ. अंगणात बाजेवर बसले होते. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला, मग त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. अण्णासो गेल्याचं त्यांना कळलं होतं, पण ते आले नव्हते, आणि का आला नाहीत हे मीही विचारलं नाही. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ते भाऊबीजेला येत, बहिणीच्या जागी मी त्यांना ओवाळायचे. मग अण्णासोंनीच त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. कारण मला कधी कळलं नाही.

वाटेत एसटीत मी ठरवत होते, की नुसतं बाळाचं विचारायचं आणि घराचं बोलायचंच नाही. म्हातारा माणूस, बोलता बोलता सांगून जाईल. पण त्यांनी माझ्यासाठी बाजेवर जागा केली, स्वतः सरकून बसले, आणि माझ्याच्यानं ते लबाडीचं वागणं झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. मूल आधी गेलं असेल तर घर तुमचं आहे, आईच्या मागं राहिलं असेल तर माझं आहे, आणि हे सांगणारं माणूस आता तुमच्याशिवाय कुणी नाही.

चहा आला, त्यावर साय धरली. मला वाटलं, झालं, आता हे विचार करणार, मुलाला विचारणार, वकिलाकडं जाणार. आणि त्यांचं चुकलंही नसतं.

"त्यो जगला व्हता," गणपतराव म्हणाले.

त्यांचा आवाज अगदी साधा होता. चिमणा सकाळी बाळंत झाली आणि दिवे लागायच्या आत गेली. पोरगा मात्र राहिला. चांगला आठ-दहा दिवस राहिला. थोरलीची आई तेव्हा होती, ती आणि गणपतराव दोघं त्याला सांभाळत होते. शेजारची एक बाई येऊन पाजून जायची. अण्णासोंनी त्याला एकदाही मांडीवर घेतलं नाही. आईला खाल्लं म्हणाले आणि सोप्यात जाऊन झोपले. सासूबाईंनी तर दारातनंच पाहिलं. मग बारसं दोन दिवसांवर आलं असताना पोराचं दूध तुटलं, तो गेला, आणि गणपतराव त्याला टॉवेलात गुंडाळून नदीकाठी पुरून आले. जाळायचं नसतं एवढ्या लहानाला. दहावं नाही, बारावं नाही. बारसं झालं नव्हतं, म्हणून नाव नाही. नाव नाही, म्हणून कुणी त्याला मोजलंच नाही.

"अण्णासोला मी एकदा म्हटलं, पोराची आठवण येती का रं. तवापास्नं त्येनं मला दारात उभं केलं न्हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, घर नको म्हणून सांगत न्हाय मी. घर कुणाला नको असतंय. पर त्यो व्हता. हितं, ह्या हातावर व्हता. इतक्या वरसात कुणी इचारलंच न्हाय."

मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी विचारलं, तुम्ही त्याचं काय काय करत होता.

"मला काय येतंय? धरून बसायचो. न्हाऊ घातलं की आमची आई दुपारची त्येला धुरी द्यायची, ओव्याची न् शेपाची. लई गारठायचा. धुरी दिली की मग गप पडायचा."

माझ्या हातातली कपबशी मी खाली ठेवली. इतकी वर्षं मी थोरलीवर जळत होते. तिचं बाळंतपण ती माझ्या नाकाखाली मिरवते, असं समजत होते. आणि तो वास तिचा नव्हताच. ती तर त्याच दिवशी गेली होती, तिला कुणी धुरी द्यायची वेळच आली नव्हती. घरात होता तो एक गारठलेला पोरगा, गुडघ्याएवढाही नाही, आणि त्याचा वास आला की मी दार लोटून घ्यायचे. मी गणपतरावांच्या अंगणात पदरात तोंड घालून रडले. सून घाबरून बाहेर आली. गणपतरावांनी तिला हातानं थांबवलं, आणि तेही रडले.

प्रतिज्ञापत्र करून देतो, असं त्यांनी आपणहून सांगितलं. कोल्हापूरला यायला जमायचं नाही, वकीलबाईलाच इकडं पाठवा म्हणाले.

घरी आले त्या दिवशी वास नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मी शाळेतल्या मुलांची वाट पाहायचे तशी दुपारभर मधल्या खोलीत पलंगावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी आला. या वेळी मी उठले नाही. तो आधीसारखाच खालून आला, जमिनीलगत, आणि माझ्या पायांशी येऊन थांबला. भीती वाटली नाही असं म्हणणं खोटं होईल. तरी मी खाली वाकले. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. इथं आत्या नव्हती, पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या. माझ्या आधीची माझ्या आईची तीन मुलं गेली होती, म्हणून माझं नाव धोंडू ठेवलं होतं, धोंड्यासारखी पडून राहील, कुणी उचलून नेणार नाही म्हणून. शाळेत या नावानं मला पोरांनी छळलं आणि मीही आईला त्यावरून खूप बोलले. पण मूल जगावं म्हणून ठेवायचं दुसरं नाव मला ठाऊक नव्हतं. मी तेच सांगितलं. वास बराच वेळ राहिला.

चार दिवसांनी संयोगिता कुरुंदवाडला जाऊन आली आणि तिनं मला ऑफिसात बोलावलं. ती खूश होती. गणपतराव खणखणीत बोलले होते, आणि माणूस स्वतःच्या हक्काविरुद्ध जबाब देतो तेव्हा तो सहसा कुणी खोटा धरत नाही. आता कोर्टातून वारस दाखला घ्यायचा, वेळ लागेल, पण घर माझ्या नावावर होईल, असं ती म्हणाली. तिनं अर्जाचा मसुदा मला वाचून दाखवला. चिमणाबाई मयत, वारस पती व मुलगा. मुलगा मयत, वारस वडील. वडील मयत, वारस पत्नी धोंडुबाई. मुलाच्या नावापुढं तिनं लिहिलं होतं, नाव ठेवण्यापूर्वी मयत.

"कोर्टासाठी तसंच ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "खरं तेच लिहायला पायजे. पर त्येचं नाव धोंडीराम हाय. मी ठेवलंय."

संयोगितानं पेन टेबलावर ठेवलं. चौथीत असताना तिला एखादं गणित कळलं नाही की ती अशीच माझ्याकडं बघायची. मग जरा चाचरत तिनं कामाचं काढलं. कांबळ्यांचा दोनदा फोन येऊन गेला होता, ते दाखल्यापर्यंत थांबायला तयार होते. रुईकर कॉलनीतला फ्लॅटवालाही तारीख मागत होता. आता हरकत कुठलीच उरली नव्हती. कांबळ्यांना काय कळवू, असं तिनं विचारलं.

मी पिशवी उचलली. बाहेर ऊन चढलं होतं आणि मला घरी पोहोचायचं होतं.

"घरात ल्हान मूल हाय म्हणून सांग त्यांना," मी म्हणाले. "एवढ्यात न्हाय हलता यायचं."